एका पायावर

कोल्हापुरात ताकद मोजायची रीत ठरलेली आहे: जोर किती, बैठका किती, खुराक किती. तालमीतल्या पोराला ‘एका पायावर किती वेळ उभा राहतोस रे?’ असं कुणी विचारलं, तर ते हसून पुढच्या बैठकीला लागेल. पण गुडघ्याचं लिगामेंट दुखावल्यावर सूज उतरते, टाके सुकतात, मांडी पुन्हा भरायला लागते, डॉक्टर ‘नस चांगली बसलीय’ म्हणतात, आणि तरी जिना उतरताना एखाद्या पायरीवर पाय क्षणभर आपला राहत नाही. अशा वेळी बैठकांचा आकडा काहीच सांगत नाही. तो हसण्यावारी नेलेला प्रश्नच विचारावा लागतो.

गुडघा तेव्हा दुखतोच असं नाही. लोक म्हणतात, ‘दुखत नाही ओ, पण भरवसा वाटत नाही.’ वैद्यकीय भाषेत याला बरीच लांब नावं आहेत, पण ‘भरवसा’ हा शब्द त्या सगळ्यांपेक्षा नेमका आहे. कारण बिघाड ताकदीचा असतो तितकाच खबरबातीचाही असतो.

लिगामेंट म्हटलं की डोळ्यांपुढे दोरखंड येतो. मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा, ताण आला की रोखणारा. ते खरंच आहे. गुडघ्याच्या आत तिरकं जाणारं एसीएल हे लिगामेंट जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असतं आणि नडगी पुढे सरकण्यापासून, वळताना पिळण्यापासून रोखतं. पण याच दोरखंडाच्या धाग्यांत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. ताण किती आला, कुठल्या दिशेने आला, किती वेगाने आला, याची वर्दी ती मज्जारज्जूला आणि मेंदूला देत असतात. म्हणजे लिगामेंट हे बांधणारंही आहे आणि खबऱ्याही. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे, किती वाकलाय, हे आपल्याला कळतं ते अशाच हजारो खबऱ्यांमुळे: स्नायूंतले, सांध्याच्या पिशवीतले, तळव्याच्या कातडीतले. शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. आपण त्याला अंगभान म्हणू.

लिगामेंट तुटलं की त्याच्याकडून येणारी खबर थांबते. ऑपरेशन करून मांडीच्या मागच्या शिरेचा किंवा वाटीखालच्या पट्टीचा तुकडा तिथे बसवला, की दोरखंड मिळतो, खबऱ्या मिळत नाही. पुढच्या महिन्यांत त्यात थोडे मज्जातंतू उगवतातही, पण जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत येत नाही. मग उरलेल्या खबऱ्यांनी, म्हणजे घोट्याने, खुब्याने, मांडीच्या स्नायूंनी, तळव्याने, ते काम वाटून घ्यायचं असतं. हे वाटप आपोआप होत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकवायचा मार्ग एकच आहे: तोल जाईल अशा परिस्थितीत पायाला पुन्हा पुन्हा उभं करायचं आणि सावरू द्यायचं.

सूज असताना हे शिकवायला बसणं मात्र वाया जातं. गुडघ्यात २०-३० मिलिलिटर जादा पाणी साठलं, म्हणजे टपरीवरच्या अर्ध्या कप चहाहूनही कमी, तरी मांडीच्या पुढच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो. दुखत नसलं तरी मंदावतो. मज्जारज्जूच त्याचा आवाज बारीक करते. म्हणून ‘पायात जीव नाही’ असं वाटतं आणि माणूस आणखी बैठका मारतो, त्याने आणखी पाणी भरतं. तोलाचे व्यायाम सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ होतो का? पाठीवर झोपून पाय सरळ उचलताना गुडघा किंचितही वाकत नाही ना? आणि वाटीच्या आतल्या बाजूवरून तळहात वर फिरवून, मग बाहेरच्या बाजूने खाली फिरवला, की आत पाण्याचा फुगवटा उठतो का? फुगवटा स्पष्ट उठत असेल तर बर्फ, पाय उंचावर, आणि मांडी आवळून पाच सेकंद धरायचा साधा व्यायाम. एमसीएल, म्हणजे आतल्या बाजूचं लिगामेंट, बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं. पण गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवलेली असेल तर किती वजन टाकायचं आणि किती वाकवायचं हे शिवणाऱ्या सर्जनलाच विचारायचं. तिथे तालमीतल्या सल्ल्याला जागा नाही.

सुरुवात अगदी बाळबोध असते आणि म्हणूनच लोक ती टाळतात. दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवायचे, प्रत्येकावर एक पाय, नजर समोर. ७० किलोच्या माणसाच्या दोन्ही काट्यांवर ३५-३५ यायला हवेत. आपण अगदी सरळ उभे आहोत अशी खात्री असतानाच ४०-३० येतात. हा फरक माणसाला आतून कळत नाही, काटा बघितल्यावरच कळतो, आणि अंगभान गेलंय म्हणजे काय ते तिथे पहिल्यांदा पटतं. काटा एकच असेल तर दुखऱ्या पायाखाली काटा आणि दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची फळी चालते. रोज दोन मिनिटं, आधी बघून, मग न बघता अंदाज सांगून.

दुसरा धडा बसून करायचा. उंच खुर्चीवर बसावं, पाय लोंबते, डोळे मिटलेले. घरातल्या कुणीतरी गुडघा अर्धवट सरळ करून पाच सेकंद धरावा, खाली सोडावा, मग आपण तोच कोन आठवून पाय तिथे न्यावा. बाजूने मोबाइलवर फोटो काढला की चूक दिसते. चांगल्या पायाची चूक पाच अंशांच्या आत असते, दुखऱ्याची सुरुवातीला दहाच्या पुढेही जाऊ शकते. दहा वेळा केलं की पुरे. हे कंटाळवाणं आहे, पण यात सांध्यावर भार जवळपास शून्य असतो, त्यामुळे ज्यांना अजून उभं राहायची परवानगी नाही त्यांनाही करता येतं.

मग उभं राहणं. आधी दोन पायांवर, मग एकापुढे एक पाऊल ठेवून, शेवटी एका पायावर. अनवाणी, कठीण फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्याकडे पाठ करून, म्हणजे तोल गेला तर भिंत असते. इथे चार गोष्टी चुकतात. पहिली आणि सगळ्यात मोठी: गुडघा ताठ ठेवून उभं राहणं. ताठ गुडघ्यात हाडावर हाड टेकतं, स्नायू सुट्टीवर जातात, आणि तोल फक्त घोटा सांभाळतो. गुडघा १५-२० अंश वाकलेला हवा, म्हणजे बसायला निघालोय आणि आठवण झाली म्हणून थांबलोय इतपत. दुसरी: पायाची बोटं जमिनीला घारीसारखी रुतवणं. वजन तीन ठिकाणी हवं, टाच, अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी. तिसरी: गुडघा आत झुकणं. वरून पाहिलं तर गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसायला हवी. चौथी कमरेची: उचललेल्या पायाकडची बाजू खाली पडते, कारण खुब्याच्या बाजूचा स्नायू आळशी झालेला असतो. आरसा किंवा मोबाइल लागतो तो याचसाठी.

तीस सेकंद, तीन ते पाच वेळा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. दररोजची दहा-पंधरा मिनिटं रविवारच्या दीड तासापेक्षा कितीतरी जास्त देतात, कारण हे शिकणं आहे. पाठांतर जसं रोज थोडं करतात तसं. तीस सेकंदांत एकदाही दुसरा पाय टेकला नाही, तर तो धडा झाला, पुढचा घ्यायचा. चार-पाच वेळा टेकला तर एक पायरी मागे. डगमगलं पाहिजे, पडता कामा नये. काहीच डगमगत नसेल तर मज्जासंस्थेला शिकायला काही उरलेलं नाही, आणि सारखं पडत असेल तर ती फक्त घाबरायला शिकते.

अवघड करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मान डावी-उजवीकडे फिरवणं. मग डोळे मिटणं. तोल तीन आधारांवर असतो, डोळे, कानाच्या आतला भाग आणि अंगभान. लिगामेंट गेलेला माणूस नकळत सगळा भार डोळ्यांवर टाकतो. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत असे ओळखू येतात: तळं, पाखरं, शालिनी पॅलेस सगळं सोडून ते स्वतःच्या पायापुढचा दोन हात रस्ता बघत असतात. डोळे मिटले की ही कुबडी निघते आणि पहिल्या दिवशी पाच-सात सेकंदही निघत नाहीत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या पायावर डोळे मिटून बघा, तिथेही तीस सेकंद फार थोड्यांचे होतात.

डोळ्यांनंतर पायाखालची जमीन. घोंगडं चार पदरी घडी करून, मग त्यावर गादीचा तुकडा. त्यानंतर डुलणारी फळी. दुकानातली महागडी अर्धगोल रबरी फुगी आणायची काही गरज नाही. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडची ४० बाय ४० सेंटिमीटरची फळी घ्यावी, खाली मधोमध पाच-सहा सेंटिमीटर उंचीचा अर्धगोल लाकडी दांडा स्क्रूने बसवावा, वर पायपुसण्यासारखा खरखरीत रबर चिकटवावा. लोळणारं लाटणं नुसतं खाली ठेवून केलेली फळी धोक्याची, ती निसटते. आधी पुढे-मागे डुलवायची, मग फळी नव्वद अंश फिरवून डावी-उजवीकडे. डुलत्या फळ्यांची ही कल्पना १९६५ सालची. फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सकाने घोटा मुरगळलेल्या रुग्णांना पाय लचकत राहण्याची खोड का लागते याचा शोध घेताना असं मांडलं, की सांध्यातल्या मज्जातंतूंना इजा झाल्याने पाय अडाणी होतो. घोट्याचं ते गुडघ्यालाही लागू पडतं, पण एका सावधगिरीसह: मऊ गादीवर आणि फळीवर कष्ट मुख्यतः घोटा करतो. गुडघा वाकवून उभं राहिलं नाही, तर महिनाभर फळीवर डुलून घोटा पहिलवान होतो आणि गुडघा तसाच राहतो.

तालमीची माती इथे आठवतेच. हौद्यातली उकरलेली तांबडी माती अनवाणी पायाला दर पावलाला वेगळं काही सांगते, आणि तळव्याच्या कातडीला त्याहून चांगली शाळा सापडणं कठीण. पण टाके पूर्ण भरल्याशिवाय मातीत उतरू नये. मातीत हळद, ताक, तेल घातलेलं असतं म्हणून ती औषधी आहे असं कुणी म्हणेल. तिच्यात जंतूही असतात, आणि ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्यात जंतू गेले तर सगळं पहिल्यापासून. शिवाय नुकतीच खणलेली माती फार खोल असते. पाय रुतून वर वळलात तर पिळणारा भार थेट गुडघ्यावर. दाबलेल्या, भिजवून बसलेल्या कडेच्या मातीत चालण्यापासून सुरुवात करावी.

बैठकांबद्दल बोलल्याशिवाय कोल्हापुरात पुढे जाता येत नाही. बैठक वाईट नाही. पण देशी बैठकीत टाचा उचलून, वेगाने, पार खालपर्यंत बसतात, आणि बसलेल्या नव्या लिगामेंटला किंवा शिवलेल्या गादीला पहिल्या महिन्यांत ते सोसत नाही. त्याहून लबाडीची गोष्ट वेगळीच: बैठक दोन पायांवर असते. पाचशे बैठका मारताना चांगला पाय साठ टक्के काम उचलतो आणि मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही. आकडा वाढत राहतो, दोन्ही पायांतला फरकही वाढत राहतो. म्हणून मधल्या टप्प्यात बैठकीऐवजी एका पायाने पायरी उतरणं हवं. दहा सेंटिमीटरच्या पाटावर दुखरा पाय, दुसरा पाय तीन सेकंद घेत हळूहळू खाली, टाच जमिनीला नुसती शिवली की परत वर. आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत न झुकता जमलं की १५ सेंटिमीटर, मग २०. चढण्यापेक्षा उतरणं जास्त शिकवतं, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार धरतो. जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या पायऱ्या त्यासाठी मोह घालतात, पण तिथल्या पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. त्या शेवटच्या टप्प्यात. पंचगंगेच्या घाटाच्या तर पावसाळ्यात वाटेलाच जाऊ नये, शेवाळाला अंगभान कळत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की पुढचे व्यायाम का करायचे ते पटतं. मैदानात एसीएल तुटतं तेव्हा बहुधा कुणाचा धक्का लागलेला नसतो. खेळाडू धावताना एकदम थांबतो, वळतो, किंवा उडी मारून एका पायावर उतरतो, आणि पाऊल टेकल्यावर साधारण ४०-५० मिलिसेकंदांत सगळं संपतं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. खबर मेंदूपर्यंत जाऊन हुकूम परत यायला वेळच नसतो. तेव्हा वाचवतं ते आधीच तयार असलेलं शरीर: पाऊल टेकण्यापूर्वीच आवळलेले मागचे स्नायू, वाकलेला गुडघा, वर असलेलं धड. एकेरी पट लागलेला, म्हणजे एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेला पहिलवान दुसऱ्या पायावर लंगडी घालत टिकतो, तो तेव्हा विचार करून टिकत नाही.

म्हणून धक्क्याचा सराव. एका पायावर उभं राहायचं, जोडीदाराने दोन बोटांनी कमरेला, खांद्याला, पाठीला हलकेच ढकलायचं. सुरुवातीला सांगून, मग दिशा न सांगता, मग डोळे मिटलेले असताना. जोर वाढवण्यापेक्षा अनपेक्षितपणा वाढवायचा. इथे एक खोड दिसते: माणूस सगळे स्नायू एकदम आवळून खांब होतो. खांब ढकलला की मोडतो. स्नायूंनी ढकलण्याच्या दिशेप्रमाणे, तेवढंच, उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात २००० साली ऑपरेशन न केलेल्या एसीएलच्या खेळाडूंना चाकांच्या आणि डुलत्या फळीवर असे धक्के देऊन शिकवलं गेलं, फक्त दहा सत्रांत, आणि नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला हा सराव केलेल्यांचा गुडघा पुढे कमी वेळा निसटला.

त्यानंतर उड्या. दोन पायांनी जागच्या जागी, मग पाटावरून खाली, मग एका पायावर. इथला गुरू म्हणजे कान: उतरल्याचा आवाज आला नाही पाहिजे. उतरून तीन सेकंद तसंच थिजायचं. सूचना देताना ‘गुडघा वाकव, मांडी आवळ’ असं म्हणण्यापेक्षा ‘आवाज करू नको’ म्हटलेलं बरं. लक्ष अंगाबाहेरच्या परिणामावर राहिलं की हालचाल लवकर मुरते. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांनाही त्यात कमी बोलावं लागतं, हा वेगळा फायदा.

रोजचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. वाटीच्या मधोमध शिवणकामाचा टेप गुंडाळून घेर मोजावा. कालच्यापेक्षा सेंटिमीटरभर वाढला असेल, किंवा दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं असेल, तर काल जास्त झालं. दोन दिवस मागचा धडा. गुडघा मध्येच अडकत असेल, सरळच होत नसेल, किंवा दुखून निसटत असेल, तर मात्र घरचे उपाय थांबवून दाखवायला हवं. निकॅपविषयी लोक फार विचारतात. घट्ट निकॅप कातडीला दाबते, त्यामुळे थोडी जादा खबर मिळते आणि बरं वाटतं, तेही घातलेली असेपर्यंतच.

मैदानात कधी उतरायचं, हा कोल्हापुरातला नाजूक प्रश्न. इथल्या फुटबॉल संघांच्या नावांतच अजून ‘तालीम’ आहे, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर पेठेची लढत असली की सातवा महिना नववा वाटायला लागतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या २०१६ मधल्या अभ्यासात, ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने उतरलं. नुसते महिने मोजूनही भागत नाही, चाचण्याही द्याव्या लागतात. घरी जमिनीवर चिकटपट्टीने इंग्रजी वाय काढावा, एक पट्टी पुढे, दोन मागे तिरक्या, मागच्या दोघींमध्ये काटकोन. मधोमध एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटांनी तिन्ही दिशांना जमेल तितकं लांब शिवायचं, टाच न उचलता. चार-पाचदा सराव, मग तीन वेळा मोजून सर्वात लांबचं. पुढच्या दिशेत दोन पायांत चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर अजून वेळ आहे. एका पायाची लांब उडी दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के झाली की पास, असा सर्वसाधारण नियम. त्यात दोन फसवणुकी आहेत. आठ-नऊ महिन्यांत चांगला पायही सुटलेला असतो, त्यामुळे नव्वद टक्के कशाचे हे बघायला हवं. आणि अंतर पुरं पडतं, पण उतरताना गुडघा भार टाळतो, कंबर पुढे झुकवून खुबा ते काम करतो. मोबाइलवर बाजूने, हळू गतीत बघितलं की चोरी पकडली जाते. चाचणी ताजंतवानं असताना घ्यावी, आणि एकदा दमल्यावरही, कारण सामन्याचा ऐंशीवा मिनिट ताजातवाना नसतो.

सगळेच काही मैदानावर उतरणारे नसतात. गुडघा घरच्या बाईचाही जातो, दुकानदाराचाही. त्यांच्या परीक्षा वेगळ्या. सिग्नलला दुचाकी थांबवताना डावा पाय टेकतो आणि शंभर किलोहून जड गाडी त्याच बाजूला कलते. हा धक्का न सांगता येतो, म्हणून गाडी चालवण्याआधी तो गाडी बंद ठेवून, घरासमोर, स्टँड काढून दहा-वीस वेळा करून बघावा. केएमटीच्या बसची पायरी उंच, आणि ड्रायव्हर कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. आधी जिन्यावर वीस सेंटिमीटर जमलं पाहिजे. कोल्हापुरी पायताण सुरुवातीचे महिने बाजूला ठेवलेलं बरं. मागे पट्टा नसल्याने ते धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि ओल्या फरशीवर कातड्याचा गुळगुळीत तळ सरकतो. टाच धरणारा बूट बाहेर, घरात अनवाणी.

आणि मग अंबाबाईच्या देवळाबाहेर पायताण काढायची वेळ. एका हातात ओटीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, बाजूने गर्दीचे खांदे, शेजारी कुणी ‘आत किती रांग आहे ओ?’ विचारतंय. एक पाय उचलून बोटांनी दुसऱ्या पायाचं पायताण ढकलायचं, मग पाय बदलायचा. या वेळी हात शेजारच्या खांबाकडे जातो का, आणि प्रश्नाचं उत्तर देताना वाक्य मध्येच तुटतं का, एवढंच बघायचं.